भिंतीसाठी एक बरा फोटो

आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. वेल्ह्याकडे बऱ्याच घरांत सासूला आत्याच म्हणतात, त्यामुळे भांडण कितीही पेटलं तरी ते माहेरच्या माणसाशी चाललंय असं वाटत राहतं. या आत्यांना मागच्या दिवाळीनंतर पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हृदयाची एक झडप खराब झालीय, महिन्याभरात बदलून घ्या. गोठ्यापासून ओटीपर्यंत येताना त्यांना दोनदा टेकावं लागत होतं, तेव्हा नाही म्हणायला जागाच नव्हती. आत्या नाही म्हणाल्याही नाहीत. त्यांनी फक्त एक अट घातली.

"आदी माजा एक फोटू काड," त्या मला म्हणाल्या. "भिताडाला लावायजोगा. त्यो झाला की न्या मला कुठं न्यायचं तिकडं. त्याबिगर मी गाडीत पाय ठेवत न्हाई."

आमचे हे भडकले. "आई, असलं अभद्र बोलू नकोस," म्हणाले आणि तरातरा अंगणात निघून गेले. मुलगे चिडले की अंगणात जातात. सुनेला तिथंच बसून पुढचं ऐकून घ्यावं लागतं.

ही अट कुठून आली ते मला ठाऊक होतं. समोरच्या भिंतीवर सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या मामांचा, फोटो आहे. त्यांनी उभ्या जन्मात एकट्याचा असा फोटो काढून घेतला नव्हता. ते गेले तेव्हा धावपळीत कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून मोठं केलं, पण कापताना शेजारच्या माणसाचा हात त्यांच्या खांद्यावर राहिला. नुसता हात, मनगटाला घड्याळ असलेला. गेली बारा वर्षं आत्या रोज सकाळी ती काच पुसतात आणि आठवड्यातून एकदा तरी विचारतात, की हा हात कुणाचा. भावकीतले तिघंजण तो आपला असल्याचं छातीठोक सांगतात. आत्यांना स्वतःच्या वाटणीला असला परका हात नको होता, आणि खरं सांगायचं तर मला ते पटत होतं.

मोबाईल त्यांना चालणार नव्हता. "मोबाईलातला फोटू मोबाईलातच ऱ्हातो. तुज्या नवऱ्यानं हज्जार काडल्यात. एक तरी हातात आलाय का?" माझ्याकडे मात्र कॅमेरा होता. माझ्या भावाने नवा फोन घेतला आणि त्याचा जुना डिजिटल कॅमेरा, साबणाच्या वडीएवढा, मला भाऊबीजेच्या ओवाळणीत घातला. ओवाळणीत वापरलेली वस्तू घालणाऱ्या भावाला काय म्हणायचं ते मी त्याला म्हणून घेतलंय, इथे नको. पण दिवाळीच्या सुट्टीत तो मनगटाला अडकवून मी सासरी अशी काही मिरवले, की आत्यांची समजूत झाली, सून शाळेत मास्तरीण आहे, शिकलेली आहे, तिला हे येत असणार. मला तो चालू करता येत होता. बंद तो आपला आपण व्हायचा.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं भोरहून निघालो, नसरापूरला एसटी बदलली आणि दहाच्या सुमाराला वेल्ह्याच्या पुढे आमच्या वाडीत पोचलो. आत्या तयार होऊन बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावरून पदर, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला आणि आत्यांनी श्वास धरला. आमच्याकडे जुनी माणसं फोटोला अशीच बसतात. हलायचं नाही, हसायचं नाही, पापणी लववायची नाही, तहसीलदाराने नाव पुकारल्यासारखा चेहरा करायचा. मी तीन फुटांवरून बटण दाबलं. लख्खकन फ्लॅश पडला. आत्या दचकून मागे रेलल्या आणि देवाचं नाव घेतलं.

फोटोत त्यांचा चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा आला होता आणि डोळे लाल. आत्या त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत राहिल्या. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माजं गोंदान कुठं गेलं?"

कपाळावर आणि हनुवटीवर त्यांचं हिरवं गोंदण आहे. त्या लहान असताना त्यांच्या आईने मांडीखाली दाबून धरून ते गोंदवून घेतलं होतं. फ्लॅशने ते पार धुऊन टाकलं होतं. "येवढी बोंबलून गोंदलेली मी," त्या म्हणाल्या, "आन तू एका उजेडात पुसलंस."

कॅमेऱ्याबरोबर इंग्रजीतलं बारीक अक्षराचं पुस्तक होतं. त्यात अर्धा तास डोकं घालून मी फ्लॅश बंद करायची खूण शोधली, विजेवर आडवी रेघ. आता घरातच फ्लॅशशिवाय काढले. गोंदण आलं, पण तीन तीन आलं. एका आत्यांच्या मागे दुसऱ्या आत्या, त्यांच्या मागे तिसऱ्या. मी म्हटलं, आत्या, तुम्ही हलताय. त्या म्हणाल्या, "मी दम कोंडून बसलीया. थरथरतीयास तू." आमच्या ह्यांनी दाराशी उभं राहून 'नाचता येईना अंगण वाकडं' हे वाक्य पूर्ण म्हटलं. मी त्यांचाही एक फोटो काढला, तो मात्र बिलकूल हलला नाही, कारण रागाने माझा हात घट्ट झाला होता.

दुसऱ्या रविवारी मी ठरवूनच गेले की फोटो बाहेर काढायचा, भरपूर उन्हात, आणि मागे तोरणा घ्यायचा. ज्या डोंगराखाली जन्म काढला तो मागे नको का? भर बाराला आत्यांना अंगणात बसवलं. ऊन डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांच्या जागी नुसते दोन काळे खड्डे, आणि आत्या उन्हाने तोंड वाकडं करून बसलेल्या. तोरणा पुरता यावा म्हणून मी मागे मागे सरकत गेले ती शेजारच्यांच्या उकिरड्यापर्यंत पोचले. तोरणा आला. तोरण्यासमोर भाताच्या दाण्याएवढ्या आत्या आल्या. शिवाय विजेचा खांब बरोबर त्यांच्या डोक्यातून उगवला होता.

"ह्यो तोरण्याचा फोटू हाय का माजा?" आत्यांनी विचारलं. "सासूला बारीक करायची हौस समद्याच सुनांना आसती. पर इतकी?"

मग त्यांना गोठ्याच्या सावलीत घेतलं. इथे उजेड बरा होता, खांब नव्हता, मी जवळही गेले. फोटो निघाला तेव्हा वाटलं, जमलं. पण नीट बघितलं तर आत्या धुक्यात असल्यासारख्या पुसट, आणि त्यांच्या मागची म्हैस अशी स्वच्छ आली होती की पापणीचा केस न् केस मोजावा. आत्यांनी निकाल दिला, "म्हशीचा झ्याक आलाय. म्हस मेली की लाव त्यो."

मला हसू आलं आणि रडूही. दोन रविवार गेले होते. सोमवारी दाखल व्हायची तारीख ठरली होती आणि मध्ये एकच रविवार उरला होता. आत्यांचे पाय संध्याकाळी सुजायला लागले होते. मला पहिल्यांदाच भीती वाटली, की माझ्या अडाणीपणापायी ही बाई खरंच गाडीत बसली नाही तर?

भोरला एसटी स्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी तिथे गेले आणि शाळेच्या कार्यक्रमासाठी शिकायचंय अशी थाप मारली. स्टुडिओवाला पन्नाशीचा, सुपारी कातरत बसलेला. त्याने माझे सगळे फोटो एकेक करून पाहिले. म्हशीपाशी थांबला. शाळेत म्हैस आहे का, असं मात्र त्याने विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

"बाई," तो म्हणाला, "ह्या बटनाला दोन मजले हायेत. तुमी सरळ तळमजल्याला उडी घेताय. अर्धं दाबा आन थांबा. हिरवा चौकोन येतो. त्यो तोंडावर हाय का म्हशीवर, ते बघा. तोंडावर आसंल तरच पुरतं दाबा." मग म्हणाला, की ऊन वेगळं आणि उजेड वेगळा. माणसाला दारात बसवा, तोंड बाहेर करून, म्हणजे ऊन न लागता उजेड मिळतो. माणूस जमिनीवर बसलं असेल तर आपणही जमिनीवर बसायचं, वरून बघितलं की माणूस बिचारं दिसतं. लांबून मोठं करण्यापेक्षा पायांनी दोन पावलं जवळ जायचं. आणि हात हलत असेल तर कॅमेरा कशावर तरी टेकवायचा आणि दोन सेकंदांनी आपोआप निघेल असा लावायचा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्कासुद्धा लागत नाही. "आन बटन दाबायच्या आदी," तो शेवटी म्हणाला, "डोक्यामागं काय उगवतंय ते बघत जावा."

उरलेला आठवडा मी सराव केला. डस्टरवर, पृथ्वीच्या गोलावर, आणि घरी ह्यांच्यावर. दाढी करताना, जांभई देताना, एका पायात पँट असताना. अर्धं बटण, थांबा, हिरवा चौकोन, पुरतं बटण. ह्यांनी दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी बाथरूममधून बाहेर यायच्या आधी आवाज देऊन खात्री करून घ्यायला लागले. शुक्रवारी पहिल्यांदा त्यांचा एक असा फोटो आला, की मला लग्नाला होकार का दिला होता ते आठवलं. तो मी त्यांना दाखवला नाही. उगाच शेफारतात.

तिसऱ्या रविवारी आम्ही पहिल्या गाडीने गेलो. सकाळी ओटीच्या दारात मऊ उजेड होता. आत्यांना उंबऱ्याशी तोंड बाहेर करून बसवलं, मागे घरातला अंधार, त्यात काही उगवायचा प्रश्नच नाही. मी समोर अंगणात फतकल मारून बसले. पुढ्यात बाज ओढली, बाजेवर भात मापायची लोखंडी पायली उपडी घातली, पायलीवर दुहेरी घोंगडी, त्यावर कॅमेरा. बरोबर आत्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आला. अर्धं दाबलं, चौकोन गोंदणावर बसला, पुरतं दाबलं. आता हा कॅमेरा दोन सेकंद थांबताना पुढून लाल दिवा लुकलुकवतो. तो काय आहे ते बघायला आत्या पुढे वाकल्या. फोटोत एक नाकपुडी आली, पण काय सुरेख आली होती!

चार-पाच खेपांनी त्यांना दिव्याचा कंटाळा आला. श्वास कोंडायचाही कंटाळा आला. तेवढ्यात गोठ्यात म्हैस ओरडली, आत्यांची नजर तिकडे वळून परत आली, आणि नेमका त्या परत येण्याच्या क्षणी कॅमेऱ्याने आवाज केला.

मी पडदा बघितला. सगळं होतं. हिरवं गोंदण, गालांवरच्या रेघा, पदराचा काठ, आणि आता कुणाला तरी काम सांगणार आहेत असे ते डोळे. रोजच्या आत्या. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी आत्यांना न दाखवता आधी ह्यांना दाखवला. हे बराच वेळ बघत राहिले. चांगला आलाय म्हणाले, आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

आत्यांनी पाहिला. पडदा जवळ धरला, लांब धरला. "कान दिसंना," म्हणाल्या. कान दिसेल असा काढला. मग लुगड्याची घडी मोडली होती. ती नीट केली. मग मान कलली. पुढच्यात म्हणाल्या, "ह्यात मी हसतीया. हासल्याला फोटू कुनी भिताडाला लावतं व्हय? लोकं म्हनतील, सुटली म्हनून हासतीया." जेवणवेळेपर्यंत मी छत्तीस फोटो काढले. माझा हात बसला होता, एकापेक्षा एक सरस येत होते, आणि एकापेक्षा एक नापास होत होते. शेवटी माझं डोकं सटकलं. मी सरळ सांगितलं, की आता तुमचं ऐकणार नाही, म्हैस ओरडली तेव्हाचाच मी छापायला टाकणार. डॉक्टरांनी मना केलेलं असताना आत्या उठल्या आणि म्हशीला वैरण टाकायला गेल्या. मला वाटलं, आपण जिंकलो.

दाखल व्हायची तारीख डॉक्टरांनीच आठ दिवस पुढे ढकलली होती, त्यामुळे छापायला वेळ मिळाला. सोमवारी स्टुडिओत कॅमेऱ्यातलं कार्ड दिलं. स्टुडिओवाला बाहेर गेला होता, दुसराच माणूस बसला होता. "एवढाच एक, मोठा, फ्रेमसकट, आमच्या सासूबाईंचा," असं सांगून मी घाईत निघाले. गुरुवारी सुट्टी होती. कार्ड परत घेतलं, वर्तमानपत्रात बांधलेली फ्रेम उचलली, समोर नसरापूरची गाडी सुटत होती, तिच्यात बसले. उघडून पाहिली नाही. आयुष्यात इतका गाढवपणा मी दुसरा केलेला नाही.

आत्यांच्या समोर बसून मीच मोठ्या ऐटीत कागद फाडला. आत मी काढलेला फोटो होता. मागचा अंधार काढून तिथे निळं आभाळ आणि ढग घातले होते. दोन्ही बाजूंना समया. आणि गोंदणाच्या थोडं खालून सुरू होऊन फ्रेमच्या तळापर्यंत गेलेला, कॉम्प्युटरवर काढलेला झेंडू-गुलाबाचा जाडजूड हार. तळाशी सुबक अक्षरांत जन्म लिहून पुढे मोकळी जागा, मृत्यू लिहून पुढे मोकळी जागा.

म्हातारीचा एकटीचा फोटो, मोठा, फ्रेमसकट. त्या माणसाने काय समजायचं होतं? आमच्या तालुक्यात असला फोटो जिवंतपणी करून घेतो कोण? नंतर मी भांडायला गेले तेव्हा तो बिचारा खरंच गोंधळला होता. "तारखा कळवल्या की टाकून देनार होतो," म्हणाला.

आत्या फ्रेमकडे बघत होत्या. मी ती हिसकावून घ्यायला हवी होती, घेतली नाही. त्यांनी हारावरून एक बोट फिरवलं, मग खालच्या मोकळ्या जागेवर आणून थांबवलं.

"तारीक तेवडी ऱ्हायली व्हय गं?" त्या म्हणाल्या.

त्यांनी फ्रेम कणगीच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवली. दवाखान्यासाठी बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं, त्यातली लुगडी दांडीवर परत टाकली. चहासुद्धा विचारला नाही. संध्याकाळी ह्यांनी फोन केला तेव्हा आत्यांनी शेजारणीकडून निरोप दिला, की मी येत नाही, झडप जन्माला घेऊन आले तीच बरी. शुक्रवारी हे स्वतः जाऊन विनवून आले. पाया पडले म्हणे. काही उपयोग झाला नाही. घरी येऊन मला म्हणाले, तुझ्या त्या कॅमेऱ्याला आता नीरा नदी दाखव. मला माझी इतकी लाज वाटत होती की शनिवारी शाळेत मी पोरांवर विनाकारण ओरडले आणि मग त्याचीही लाज वाटली. उद्याचा रविवार, परवा दाखल व्हायचं.

रविवारी मी एकटीच गेले. कॅमेरा पर्समध्ये होता, तो बाहेर काढायची हिंमत नव्हती. आत्या चुलीपुढे बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आत्या, चुकलं माझं."

"तुजं काय न्हाई चुकलं," त्या म्हणाल्या. भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. "म्हस वरडली तवाच फोटू चांगला आला व्हता त्या दिशी. मला कळलं व्हतं. पर फोटू बरा झाला म्हंजी जायाला लागनार. म्हनून म्या कान काडला, घडी काडली. तू बिचारी काडतीयास आपली." भाकरी तव्यावर टाकली. "मला भ्या वाटतंय गं. तितं छाती फोडत्यात. माज्या पोराला सांगू नगंस."

म्हणजे तीन रविवार मी त्यांच्या फोटोसाठी धडपडत होते आणि त्या तो होऊ नये म्हणून. धीर देणारी वाक्यं मला शाळेतल्या पोरांना सांगता येतात, सासूला नाही. आम्हा दोघींची तशी सवयच नाही. आम्ही एकमेकींना टोमणे मारतो, त्यातच सगळं येतं. डोळे भरून येत होते ते मी धुरावर ढकलले.

आत्यांनी तव्याच्या कडेला खर्ड्यासाठी मिरच्या टाकल्या होत्या. त्यांचा ठसका एकदम घरभर झाला. मला खोकला आला. आत्यांनी नाक वर केलं, तोंड उघडलं, डोळे फिरवले, आणि शिंक येणार येणार म्हणून तशाच थांबल्या. दारातून उजेड बरोबर त्यांच्या तोंडावर पडला होता. माझा हात कधी पर्समध्ये गेला मला कळलं नाही. अर्धं बटण, हिरवा चौकोन, पुरतं बटण. आणि शिंक आली.

असा फोटो मी जन्मात पुन्हा काढू शकणार नाही. आत्यांचं तोंड विहिरीसारखं उघडलेलं, आत उरलेले चार दात, बुबुळं वर गेलेली, नाकपुड्या फेंदारलेल्या, पदर कानावर लोंबतोय, आणि हातात उलथणं तलवारीसारखं उगारलेलं. आणि हे सगळं कसं, तर दात न् दात स्वच्छ. गोंदण तर इतकं सुरेख आलं होतं! मी पडदा त्यांच्यापुढे धरला.

"अगं बया!" आत्या ओरडल्या. "पूस त्यो! आदी पूस!"

"नाही पुसत," मी म्हटलं. काय बोलतेय ते बोलून झाल्यावर मला कळत होतं. "हा पुसायचा तर तुम्ही तुमच्या हाताने पुसायचा. पुण्याला जायचं, झडप बदलायची, आणि परत येऊन पुसायचा. बटण मी दाखवीन. आणि परत आला नाहीत तर हाच मोठा करून मामांच्या शेजारी लावणार. दोन फुटांचा. रंगीत."

"मुडदा बशिवला तुजा," आत्या म्हणाल्या. "लोकं काय म्हनतील?"

"म्हणतील, सासू अशी होती, सुनेने किती सोसलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर हलवली नाही. मला वाटलं, उलथणं आता माझ्या डोक्यात बसतंय. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या की रडत होत्या ते सांगता येणार नाही, मिरच्यांमुळे आम्हा दोघींच्याही डोळ्यांतून नाकातून पाणी चाललं होतं. भाकरी पार जळाली. "लई वंगाळ हाईस तू," एवढंच त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने उठून दांडीवरची लुगडी एकेक करून काढायला लागल्या.

सोमवारी हे जीप घेऊन आले. आई कशी तयार झाली हे त्यांना मी सांगितलं नाही, आत्यांनीही नाही. शिवऱ्याला चहाला थांबलो तेव्हा आत्यांनी माझ्या पर्सकडे बोट करून विचारलं, "हाय न्हवं त्यात?" आहे म्हटलं. ह्यांना वाटलं, दवाखान्याची फाईल. ऑपरेशनला आत नेताना त्या मुलाशी दोन शब्द बोलल्या, मग मला जवळ बोलावून कानात म्हणाल्या, "मी यीस्तवर कुनाला दावू नगंस." दार बंद झालं. मी सगळा दिवस बाकावर बसून होते, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी देवाला सांगत होते, की बाबा रे, धमकी होती ती, खरी नव्हती.

चौथ्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं. हातात सुया, आवाज अगदी खोल गेलेला. हे पुढे झाले, आई म्हणून हाक मारली. आत्यांनी त्यांच्या गालावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं आणि हवेत अंगठा दोनदा दाबला. ह्यांना वाटलं पाणी हवंय, ते आणायला धावले. मी कॅमेरा काढला.

फोटो बघून त्यांना हसू आलं. खोकला आला की छातीशी धरायला दिलेली उशी त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरली, आणि कण्हत कण्हत हसत राहिल्या. नर्स रागावली. मी पुसायचं बटण दाबून दिलं, पडद्यावर प्रश्न आला, तेव्हा हे हो आणि हे नाही असं समजावून सांगितलं. आत्यांनी अंगठा 'हो'वर नेऊन ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता. मग त्यांनी तो उचलून घेतला आणि कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हनत व्हता, धा-पंदरा वर्सांनी झडप परत बदलाया लागंल. तवा कामाला यील."